मोलगीच्या रस्त्यावरचा सराव

मेडलचं काय विचारता, आधी सरावाच्या पहिल्या दिवशीचं ऐका. मॅरेथॉन बायकोच्या, सुनंदाच्या नावानं धावायची आणि जमेल तो निधी डोंगरातल्या ॲम्ब्युलन्ससाठी द्यायचा, असं ठरवून मी मोलगीच्या रस्त्याला धावत सुटलो. नेमका बाजाराचा दिवस. आमच्याकडे डोंगरात माणूस धावताना दिसला, की घरी कोणीतरी अत्यवस्थ आहे असंच धरतात. खच्चून भरलेली जीप शेजारी येऊन थांबली.

ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ, काय व्हयनं? कोन बिमार शे?"

"कोणी नाही. बायकोसाठी धावतोय."

झालं! पुढचे दोघं पटकन उतरून मागे लटकले.

"बठ लवकर! वहिनी कोठे शे?"

मी धापा टाकत म्हणालो, "अहो, ती वारली. दोन वर्षं झाली. ह्याच रस्त्यावर, जीपची वाट बघता बघता."

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. माझ्या नव्याकोऱ्या बुटांकडे बघितलं.

"मंग आते कसानी घाई शे, भाऊ? बठ."

मी गपचूप बसलो.