पंचवीस हात चबुतरा

माननीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरील मामलेदारसाहेब, सत्कारमूर्ती ओव्हरसियर टिपणीससाहेब आणि दाटीवाटीने बसलेल्या बंधुभगिनींनो,

जडावबाईंचा चबुतरा पंचवीस हात सरकवायला काय लागलं? म्युनिसिपालिटीच्या कागदावर आहे, 'सहा बैलजोड्या, अर्धा दिवस.' खरा हिशेब असा: सहा बैलजोड्या, अकरा सागवानी ओंडके, डबाभर एरंडेल आणि टिपणीससाहेबांच्या डोक्यावरचे उरलेसुरले काळे केस. ओंडके माझ्या वखारीतले, म्हणून मला बोलायला उभं केलंय.

साहेबांना स्टेशनपासून चौकापर्यंत रस्ता हवा होता, अमेरिकेतल्या शहरांसारखा, दोरी धरल्यागत सरळ. मधोमध आला हा चार खांबांचा लाकडी चबुतरा. बाईंनी यजमान गेल्यावर त्यांच्या नावाने कबुतरांना दाणे टाकण्यासाठी बांधलेला. कमिटी म्हणाली, पाडा. साहेब म्हणाले, थांबा! आणि त्यांनी एक अमेरिकन मासिक काढलं. तिकडे म्हणे आख्खी इमारत ओंडक्यांवर घालून सरकवतात, आतली माणसं चहा पीत बसतात. "कबुतरांना पत्तासुद्धा लागणार नाही," असं साहेब याच सभागृहात बोलले. टाळ्या मीही वाजवल्या.

बैल जुंपले, तोच जडावबाई दाण्यांची परात घेऊन चबुतऱ्यावर चढून बसल्या.

गाडीवान भिला ओरडला, "मांजी, उतरा ना! पडी जाशात!"

"अमेरिकामा लोके बशीसन च्या पेतस ना? मंग मी बी बससू."

"आनि चबुतरा मोडना तं?"

"तं मी बी संगे मोडसू. हाक बैल!"

आता साहेबांनी काय करावं? मासिकात जडावबाई नव्हत्या.

अकराव्या हाताला एक ओंडका कडाडला. चबुतरा कलला. मिरचीच्या नंदुरबारचा माणूस मी, कानही तिखट. साहेबांना "देवा, देवा" पुटपुटताना मी ऐकलं. अमेरिकेतला देव त्यांना ऐन वेळी आठवला नसावा. वरून बाईंचा आवाज आला, "च्या कोठे शे?"

साहेबांनी कोट फेकला, खांबाला स्वतः खांदा दिला. भिलाने पाचर ठोकली. दुपारी चबुतरा नव्या जागी उभा होता, बाईंसकट. ओंडका कोणाच्या वखारीतला, हे तेव्हा कोणी विचारलं नाही.

साहेब, तुम्ही बदलीवर धुळ्याला चाललात. पाडा म्हणणारे आम्हाला पुष्कळ मिळतील. थांबा म्हणून खांदा देणारा कुठून आणायचा?

अध्यक्षांनी बोलू दिलं, त्यांचे आभार. माझं काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. कबुतरांचंही घाला. ती अजून रोज सकाळी रस्त्याच्या मधोमध, जुन्या जागेवरच उतरतात, आणि स्टेशनला जाणारे टांगे तिथे वळसा घालून जातात.