गुरवाची दाढ आणि शिवरात्रीचा शंख

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. एक प्रश्न विचारते. संशय घेणं हे पाप आहे का?

मागचे आजोबा मान हलवतायत – आहे म्हणे. मी म्हणते, नाही. मी कॉलेजात विज्ञान शिकले. तिथे संशय घेतला नाही तर बाई रागवायच्या. मग संशय वाईट कधी होतो? ऐका.

डोंगराच्या पायथ्याला एक गाव. महादेवाचं देऊळ. तिथले गुरव रखमाजी. शिवरात्रीला पालखी निघायची ती त्यांचा शंख वाजल्यावरच. तोवर भोई दांडीला खांदा लावत नसत. एवढा मोठा मान! आणि मान घरात आला की त्याच्यावर डोळा ठेवणारा चुलतभाऊही आपल्याला दिसायला लागतो. खरा असो वा नसो. रखमाजींना तो तात्याबांत दिसायचा.

शिवरात्र आठवड्यावर आली आणि रखमाजींची खालची दाढ ठणकायला लागली. लवंग झाली, मशेरी झाली. मशेरीनं दाढ बरी होत नाही, फक्त काळी होते – कुणाच्या कमरेला डबी आहे ते मी बघत नाहीये. गाल सुजला. बायको अनसूयाबाई म्हणाल्या, "चला तालुक्याला. दाढ काढून येऊ."

"दाढ काढली की नजर जाते."

"नजर जायची ती तुमची तात्याबा भावजींवर रोखून रोखून जाईल. चला."

दवाखान्याशी पोचले, तर दारात तात्याबांची स्कूटर!

"बघितलंस? डॉक्टरणीला फितवायला आलाय."

"अहो, आत जाऊन विचारा की."

विचारतील कसे? रखमाजी समोरच्या केळीवाल्याच्या गाड्याआड उभे राहिले, स्कूटर जाईपर्यंत. सुजलेला गाल धरून, उन्हात. मंडळी, हसू नका. आपण सगळे कुठल्या ना कुठल्या गाड्याआड उभे असतो.

आत डॉक्टर नूतन शेटे. शांत बाई. त्यांनी दाढेचा फोटो काढला, विचारलं, "गोळ्या कसल्या चालू आहेत? रक्तदाब, साखर?"

"नाही."

"काम काय करता?"

रखमाजींनी विचार केला – गुरव म्हटलं की ही तात्याबाला कळवणार. म्हणाले, "शेती."

इथे डाव फिरला, मंडळी. त्या एका शब्दावर पुढचं सगळं आलं.

डॉक्टर म्हणाल्या, "सुई देते. जागा बधिर होईल. मग दाबल्यासारखं, हलवल्यासारखं वाटेल, कडकड आवाज येईल. पण कळ यायची नाही. आली तर डावा हात वर करा, मी थांबेन." रखमाजींचा हात खुर्चीत बसल्यापासून वरच! "अहो, अजून मी काही केलंच नाही," डॉक्टर म्हणाल्या. सुईची एक टोचणी, ओठ जड, मग दाब, कडकड – आणि दाढ वाटीत.

"ही माझीच कशावरून?" सुन्न तोंडानं रखमाजींचा पहिला प्रश्न.

डॉक्टर आरसा पुढं करून म्हणाल्या, "जीभ लावू नका. नुसतं बघा." मग कापसाची घडी ठेवून सांगितलं, "ही तासभर दाबून धरा. आज थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही. लाळ गिळा. मशेरी बंद. गार, मऊ खा. उद्यापासून कोमट मिठाचं पाणी तोंडात नुसतं फिरवा."

रखमाजी मनात म्हणाले, चूळ भरू नका? हिला माझं तोंड नासवायचंय. नाहीतर असं कोण सांगतं?

आणि संध्याकाळी पूजा! तोंडात रक्ताची चव घेऊन गाभाऱ्यात जायचं कसं? गुरवाच्या घरचा रिवाज – आधी तोंड स्वच्छ. भरल्या चुळा. खळखळून. सकाळी शंखही फुंकून बघितला, मान शाबूत आहे का म्हणून.

तिसऱ्या दिवशी कळ कानापर्यंत गेली. दाढ होती तेव्हा बरं होतं अशी कळ! रखमाजी दवाखान्यात उभे – "अर्धी दाढ आत ठेवलीत. तात्याबानं सांगितलं ना?"

"तात्याबा कोण?" डॉक्टरांनी बॅटरीनं आत बघितलं. "दाढ पूर्ण निघालीय. पण खड्डा रिकामा आहे. चूळ भरलीत?"

"नाही."

अनसूयाबाई म्हणाल्या, "तांब्या मी दोनदा भरून दिला, ताई."

"दाढ निघाली की खड्ड्यात रक्त गोठतं. ती खपली. तिच्याखाली हाड झाकलेलं असतं. ती वाहून गेली, हाड उघडं पडलं, म्हणून कळ. आता खरं सांगा, काम काय करता?"

"शंख वाजवतो."

डॉक्टरांनी बॅटरी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "पहिल्या दिवशी बोलला असतात तर शंख फुंकू नका हे चुळीच्याही आधी सांगितलं असतं; त्या जोरानंही खपली निघते." त्यांनी खड्डा धुऊन औषधाची पट्टी भरली. "जखम भरेल. पण मी बघेपर्यंत फुंकायचं नाही. शिवरात्रीलाही नाही."

मान गेला! घरी येऊन रखमाजी शंख फडक्यात गुंडाळून तात्याबांच्या ओट्यावर गेले. "घे. तुला हेच हवं होतं ना?"

तात्याबा मागं सरकले. "दादा, मला नको. माझी दाढ वर्षभर ठणकतेय. फुंकर मारली तरी ब्रह्मांड आठवतं. दवाखान्याच्या दारात स्कूटर लावतो, आतल्या बाकावर बसतो आणि डॉक्टरांना न भेटताच परत येतो. कुणाला सांगू नकोस."

मंडळी, वर्षभर! एक भाऊ दाराच्या आत घाबरून बसलेला, दुसरा गाड्याआड लपलेला. दोघांची दाढ एकच.

शिवरात्रीला भोई दांडीशी उभे. शंख वाजेना. लोक एकमेकांकडे बघायला लागले. रखमाजींनी शंख अनसूयाबाईंच्या हातात दिला. रोज तो धुऊन, आतलं पाणी फुंकून काढणाऱ्या त्याच. एक म्हातारा पुटपुटला, "बाईमाणूस?" रखमाजी गालावर हात धरून सगळ्यांदेखत म्हणाले, "सांगितलेलं ऐकलं नाही, विचारलंही नाही. चुळा भरल्या. फुंकायचा दम माझा गेला, तिचा नाही." शंख वाजला. पालखी उठली.

दुसऱ्या आठवड्यात त्या बाकावर दोघं भाऊ. तात्याबा विचारतायत, "दादा, दुखतं का रे?"

"सुई टोचते. मग नुसतं दाबतं. आणि काम विचारलं तर खरं सांग."

तर मंडळी, संशय घ्या. खुशाल घ्या. पण ज्याच्यावर घेतलात त्याच्या तोंडावर विचारा. डॉक्टर, ही दाढ का? चूळ का नाही? विचारलात की त्याचं उत्तर होतं. गिळलात की तो आत सडतो, आणि सूज शेजाऱ्याच्या नावानं येते.

खांबाजवळच्या काकू, मघापासून पदरानं गाल झाकलाय तुम्ही. तुमच्या जाऊबाई शेजारीच बसल्यात. दवाखान्याला सोबत येता का, एवढं त्यांना आत्ता विचारा. तुमचं बोलणं होईपर्यंत आम्ही महादेवाचं नाव घेतो.