टेलिफोटोला तेलपाणी

अहो, पिंपरीच्या मैदानावर भर उन्हात आमच्या कंपनीची रस्सीखेच झाली आणि माझे सगळे फोटो निघाले अमावास्येच्या रात्रीसारखे! आमचं खातं पहिल्यांदाच जिंकलं होतं हो. माझ्या कॅमेऱ्यावर दुसऱ्याच मेकची, लांबचं जवळ आणणारी टेलिफोटो लेन्स होती. कॅमेऱ्यातून बघताना अंधारं दिसत होतं, पण मला वाटलं, स्वस्तातला माल, असाच असायचा.

चिंचवडचा स्टुडिओवाला लेन्स उजेडात धरून किंचाळलाच, "आतली पाती तेलानं चिकटून मिटलीत! उजेड जाणार कुठून? तेल कुणी घातलं हिच्यात?"

सोबत आलेला आमचा टर्नर दत्तू छाती काढून म्हणाला, "मीच. रिंग जड फिरत व्हती. लेथला घालतो तेच घातलंय."

मी कपाळावर हात मारून घेतला.

दत्तूनं माझ्या पाठीवर थाप मारली. "घाबरता काय राव? कॅमेऱ्यालाबी पाजलंय!"