पाण्याची बसायची जागा

"ताई, ही पाण्याची बसायची जागा हाय. बुजवू नगा."

मंडळी, ऐका! हे वाक्य एका बाईनं मला तोंडावर सांगितलं, तेव्हा मी काय केलं असेल? हसले! पदवीधर बाई मी. कडेवर चौदा महिन्यांचं पोर, हातात सह्यांचा कागद. म्हटलं, "अगं, पाणी काय पंगतीला येतं, बसायला?" आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या चार आया खो-खो हसल्या! — आता तुम्हीही हसलात. तुम्हाला माफ आहे, तुम्ही पुढचं ऐकलेलं नाही.

तर आज देवासमोर एकच प्रश्न घेऊन उभी आहे. आईची भीती हे पुण्य की पाप? घाई नको! पुढच्या रांगेतल्या आजी लगेच मान हलवतायत — "पुण्य, पुण्य!" आजी, मलाही अगदी असंच वाटायचं.

पेटीवाले मामा, सूर नुसता धरून ठेवा, मोठा करू नका. ही गोष्ट दुपारच्या झोपेतली आहे. हलक्या हातानं सांगायला हवी.

आमची वसाहत गावाबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी. नाव — निसर्गछाया! झाडं तोडून झाली की नाव ठेवायला फार सोपं जातं. पूर्वी त्या टेकडीवर गवत होतं, करवंदीच्या जाळ्या होत्या. पाऊस पडला की टेकडी आधी स्वतः पोटभर प्यायची आणि उरलेलं हळूहळू खाली सोडायची. लेकरू दूध पिता पिता झोपी जातं ना, ओठांतून एकेक थेंब ओघळतो — तसं. मग वर प्लॉट पडले. रस्ते झाले, काँक्रीटचे, गुळगुळीत. काँक्रीटला तहान असते का हो? नसते! जेवढं पडेल तेवढं सगळं खाली, आणि धावत!

आमच्या दोन इमारतींच्या खालच्या अंगाला एक खोलगट जागा होती. आम्ही तिला डबरा म्हणायचो. वरचं पाणी तिथे येऊन थांबायचं. एका बारक्या नळातून जाईल तेवढं जायचं, बाकीचं आठ-दहा दिवसांत जमिनीत जिरायचं. वसाहतीच्या नकाशात त्या जागेभोवती निळी तुटक रेघ होती, आत बारीक अक्षरं — 'पावसाचे पाणी साठवण्यासाठी राखीव'. मी ती वाचली होती, मंडळी! शिकलेल्या माणसाचं असंच असतं. वाचतो सगळं, मनावर काही घेत नाही.

आणि डबऱ्याच्या काठावर सात दगड. शेंदूर लावलेले, एका ओळीत. साती आसरा — पाण्याच्या सात बहिणी. त्यांच्या पलीकडे, कुंपणाच्या भिंतीला टेकून, एक खोली. तिथे आमच्या वॉचमनची बायको, मंजुळा. दर अमावास्येला शेंदूर लावणारी तीच, आणि पाणी बसतं म्हणून सांगणारीही तीच. तेव्हा तिला पाचवा महिना होता.

आता माझं ऐका. मी कशी आई? झोपलेल्या पोराच्या नाकाशी बोट धरून श्वास बघणारी! द्राक्षाचे चार तुकडे करून भरवणारी! दुसऱ्या मजल्यावरच्या माझ्या गॅलरीतून तो डबरा दिसायचा. मला त्यात पाणी दिसायचंच नाही. मला डास दिसायचे. साप दिसायचे. आणि काठावरून घसरणारा माझा शार्दूल — घसरतोय, घसरतोय, मी धावतेय आणि जिना संपतच नाहीये!

मग काय — बुजवा डबरा! तिथे मुलांची बाग करा! सह्या मी गोळा केल्या.

मंजुळाला म्हटलं, "अगं, उद्या तुझंच लेकरू यात पडलं म्हणजे?"

ती म्हणाली, "लेकराला हाक मारली तर माघारी येतंय, ताई. पाण्याला हाक मारून बघा."

सभा भरली. आमचे अध्यक्ष चौगुलेकाका, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. त्यांच्या सभेत चर्चा होत नाही, प्रवास होतो! "चला, हात वर! मध्ये उतरणारं कोणी? नाही? मग डबल बेल!" — ठराव पास.

मुरमाचे डंपर आले. डबरा भरला, दाबला, वर रबरी लादी, झोके, घसरगुंडी. आणि ते सात दगड? टाकले नाहीत हं आम्ही! वाजतगाजत उचलले, गेटपाशी फरशीचं देऊळ बांधलं, वर रंगीत दिव्यांची माळ. मान दिला, फक्त जागा काढून घेतली. — घरातल्या म्हाताऱ्यांच्या बाबतीतही आपण हेच करतो. पण तो विषय आज नको, समोर सासवा आणि सुना शेजारी शेजारी बसल्यात!

त्या गडबडीत एक गोष्ट कोणालाच दिसली नाही. पूर्वी मंजुळाची खोली डबऱ्याच्या वर होती. आता बाग वर आली आणि खोली बागेच्या खाली गेली.

पावसाळा आला, रिमझिम पडला, निभावलं. मी गॅलरीतून बघायची — झोक्यावर माझा शारू, खाली कोरडी लादी. वाटायचं, जिंकले!

भाद्रपद. गौरी जाऊन आठ दिवस झालेले. मंजुळाला मुलगी झाली होती, अकरा दिवसांची. दुसऱ्या दिवशी बारसं. नवरा तालुक्याला पाळणा आणायला गेलेला. सकाळी मी डिंकाचे लाडू घेऊन गेले. बाळंतिणीची खोली कशी असते, बायांनो, तुम्हाला माहीत आहे. खाटेखाली शेगडी, ओव्याची धुरी, खिडकीला गोणपाट. मी म्हटलं, "कान उघडे ठेवलेस होय गं? वारा शिरेल!" माझ्या हातानं तिच्या कानांत कापूस घातला. वरून रुमाल घट्ट बांधला. आणि निघताना दार — मीच ओढून घेतलं.

मामा, आता अगदी हळू.

दुपारचे अडीच. शारूला थोपटता थोपटता माझाच डोळा लागला. बाहेर ऊन होतं — पिवळं, हळदीसारखं ऊन! फक्त टेकडीच्या माथ्यावर एक काळा ढग उशीसारखा टेकलेला. पाऊस तिकडे पडत होता. आमच्याकडे नुसता त्याचा वास.

आणि मला दिसलं... वरच्या काँक्रीटच्या रस्त्यानं सात बायका उतरत होत्या. हिरवी लुगडी, मोकळे ओले केस, अनवाणी. पावलांचा आवाज नाही. लांबून चालत आलेल्या बायका कशा दिसतात? दमलेल्या, पण तोंडावर हसू — आता पोचलोच म्हणून. तशा त्या बागेत आल्या. एक झोक्यावर टेकायला गेली, तर झोका तिच्यातून आरपार गेला. एकीनं घसरगुंडीवर हात फिरवला. एकीनं वाकून रबरी लादीला तळवा लावला — ताप आलाय का बघतात, तसा. मग सगळ्यांत थोरलीनं वर पाहिलं. माझ्याकडे.

"बाई, बसायला जागा आहे का गं?"

आणि मी, मंडळी, गॅलरीतून, अगदी गोड आवाजात, दारावर आलेल्याला सांगतात तसं म्हणाले, "इथे नाही हो. पुढे बघा."

त्या रागावल्या नाहीत! रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "बरं," म्हणाल्या. आणि पुढे गेल्या. पुढे काय होतं? एक दार. बाहेर दोरीवर इवलीशी झबली. सर्वांत धाकटीनं दाराला हात लावला — बांगड्या किणकिणल्या — आणि मला जाग आली!

किणकिण थांबली नाही. इमारतीखालून बारीक दगड गडगडत निघाले होते.

गॅलरीत धावले. ऊन तसंच होतं! आणि उन्हात, चकाकत, तपकिरी पाणी वरच्या रस्त्यावरून येत होतं. झोके गुडघाभर पाण्यात उभे. आणि बाग — आमची बाग! — कडेनं सुटून, ओल्या पिठासारखी, मंजुळाच्या खोलीकडे घसरत होती.

शारूला उचललं. समोर बर्वेवहिनी राहतात. त्या सारख्या शिंकतात म्हणून मी पोराला कधी हात लावू दिला नव्हता. त्यांनी दार उघडलं, शारूला त्यांच्या हातात कोंबलं — "धरा!" — आणि जिना उतरले.

खाली चौगुलेकाका बनियनवर उभे. आभाळाकडे बघतायत. "अहो, पाऊस कुठंय?"

"काका, मंजुळा!"

"ती येईल की बाहेर, आवाज ऐकून —"

"तिच्या कानांत कापूस आहे, काका! मी घातलाय!"

दाराशी पोचलो. दार बाहेर उघडणारं. आणि त्याच्यासमोर कंबरेइतका मुरूम येऊन बसलेला. कोणाचा मुरूम? ज्याच्यासाठी मी सह्या घेतल्या, तोच! वरून आणखी येतोय. काकांनी घमेलं घेतलं. बायका पराती घेऊन आल्या, सुपल्या घेऊन आल्या. मला काहीच मिळेना. बागेतलं पोरांचं प्लॅस्टिकचं फावडं वाहत आलं, तेच उचललं. दाराची फळी हलेना. मी मुरमावर चढले, खिडकीचं गोणपाट ओढलं, आत पाहिलं.

आत केवढी शांतता! शेगडी विझलेली. पाणी खाटेच्या सुंभाला लागलेलं. लाडवांचा डबा खोलीभर हळूहळू फिरत होता. आणि मंजुळा झोपलेली, छातीवर लेक, दोघींचे श्वास एका लयीत. तिचा पदर खाली लोंबून पाण्यात डुलत होता. जगात इतकी गाढ झोप मी पाहिलेली नाही. मी हाका मारल्या — मंजुळा! ए मंजुळा! — मीच घातलेला कापूस माझी हाक तिला ऐकू देत नव्हता! शेवटी ते फावडं गजांतून नेम धरून फेकलं. तिच्या खांद्याला लागलं. तिनं डोळे उघडले. खाली पाहिलं. ओरडली नाही. लेकीला दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं आणि खाटेवर उभी राहिली.

पाणी चढतंय. आम्ही उपसतोय. एक घमेलं काढावं, दीड घमेलं खाली यावं. किती वेळ? मला सांगता येणार नाही. स्वप्नात वेळ असतो का? शेवटी दार वीतभर हललं. मग हातभर. त्या फटीतून आधी एक गाठोडं बाहेर आलं. चौगुलेकाकांनी ते घेतलं, डोळ्यांतून धारा, आणि सवयीनं तोंडातून निघालं — "अर्धं तिकीट आहे! सांभाळून! पुढे द्या!" हसावं की रडावं? आम्ही दोन्ही केलं. मागोमाग मंजुळा आली.

संध्याकाळी ती माझ्या घरात, माझ्या पलंगावर. पाळणा घेऊन आलेला तिचा नवरा दारात नुसता उभा. तिच्या कानांत कापूस तसाच होता. मी हळूच काढला. म्हटलं, "मंजुळा, मी पोराच्या भीतीनं केलं गं सगळं."

तिनं लेकीच्या टाळूला तेल लावलं. मग म्हणाली, "ताई, तुमचं भ्या लई शानं हाय. पर त्याला जिना उतरता येत न्हाई."

मंडळी, एवढं मोठं निरूपण मी कुठल्या व्यासपीठावर ऐकलेलं नाही!

बारसं माझ्याच घरी झालं. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही डबरा पुन्हा उकरला. वॉचमनची खोली वर घेतली. दगडही परत काठावर गेले. आणि माझं पोर पडू नये म्हणून काय केलं? भोवती कमरेइतकं जाळीचं कुंपण! — कुंपण, मंडळी! एवढंच करायचं होतं! त्याच्यासाठी मी टेकडीभर पाणी एका बाळंतिणीच्या दारात नेऊन सोडलं.

तेव्हापासून दोन ओळी जुळवल्यात. चाल साधी आहे, माझ्यामागे म्हणा —

पाणी आलं गं पाहुणं, त्याला बसाया दे पाट,
धाडलंस शेजारी तर, शेजारीण बघी वाट!

कोणाची वाट बघते ती? मदतीची! तर भीती पुण्य की पाप, हे आता तुम्हीच ठरवा. ती आपल्याच उंबऱ्याशी थांबली, तर पाणी कुणाच्या दारात जातं, ते मी पाहिलंय. आता तुमच्याकडे वळते. हसताय काय? तुमच्या अंगणांना फरशी कोणी केली? घराचं जोतं रस्त्यापेक्षा तीन फूट वर कोणी घेतलं? "आमच्याकडे पाणी येत नाही हो ताई" — चहा पिताना चौघांनी मला अभिमानानं सांगितलं! येत नाही ना? मग जातं कुठे? खाली. आणि खाली कोण राहतं?

मग मीच सांगते. संध्याकाळी इथे येताना, या तुमच्या नव्या मंगल कार्यालयाच्या मागे, उतारावर, मला एक पत्र्याची खोली दिसली. आत एक आजोबा, पायाला प्लास्टर. मी विचारलं, "एकटेच?" म्हणाले, "पोरगं कामावर गेलंय. कुत्री शिरतात म्हणून बाहेरनं कडी लावतंय."

गेला अर्धा तास वर पत्र्यावर पाऊस वाजतोय. तुम्ही गोष्टीत होतात. मी मोजत होते. आणि तुमच्या या कार्यालयाभोवती सगळीकडे फरशी आहे.

आरती थांबेल. प्रसाद निवला तरी चालेल. त्यांच्या दाराची कडी काढून, आत डोकावून, मला येऊन सांगा — पाय कोरडे आहेत का त्यांचे.

कोण उठतंय?