वरसाच्या आत नको

घ्या ना बोटावर, चाखून बघा — फुकट हाय तेवढं. तापवलेला न्हाई, पाक न्हाई, पोळ्यातून निसता फडक्यानं गाळलेला. थंडीत रवा धरतो, मग लोक म्हणतात साखर घातली — कशाला घालीन बाई? आमच्या बायांच्या सोसायटीच्या पेट्या हायेत, मी चेअरमन, साखराबाई. नाव साखरा अन् इकते मध, हासा बिनघोर. तीन वरसं दुष्काळ, करडईला फूल न्हाई, तरी बाभळीवर माशा जगवल्या. खोकल्याला आल्याच्या रसातून घ्या, लई गुण. शुगर असली तर मातर जपून. दोन बाटल्या? एवढा कुणाला — बारशाला चाललाव? किती दिवसाचं हाय लेकरू? बारा? — ठेवा. ठेवा ती बाटली खाली.

कावून म्हंजी? वरसाच्या आतल्या लेकराला मध द्यायचाच न्हाई. एक थेंब न्हाई. सोनं उगाळून न्हाई, गुटीत न्हाई, गरम करून बी न्हाई. चांगल्या मधात बी काय तरी असतं म्हणं, मोठ्याला पचतं, बारक्याच्या आतड्यात त्याचं इख होतं. तुमच्या आईनं तुमाला चाटवला, माझ्या आईनं मला — जगलो आपण, खरंय. सगळ्याच लेकरांना बाधत न्हाई. पण ज्याला बाधतं त्याला —

माझ्या सत्यभामाची पोरगी, दीड महिन्याची. मी गेलते तिच्या सासरी. पोरीला चार दिवस शी झाली न्हाई, तर मी काय केलं? चाटवत होतेच, तो मध वाढवला. अंगठी घासून, दिवसातून तीनदा, माझ्याच पेटीतला. मग ती दूध ओढंना, पापण्या उचलंना, मान टाकली, रडणं मांजराच्या पिलावानी. महिनाभर मशीनवर होती. वाचली — हो, वाचली, आता अंगणात पळती.

डॉक्टरनं इचारलं होतं ना — मध दिला का? सत्यभामा बाहेर होती, मी एकलीच. म्हणलं, न्हाई. काय करू? त्याच आठवड्यात बाटलीवर माझा फोटो छापलेला. चाळीस बाया, पाऊस न्हाई, दुसरं काय होतं त्यांच्याजवळ? मग कुणी तरी म्हणलं, टँकरचं पाणी बाधलं, सासूनं उकळलं नसंल. मी मान हलवली. निसती मान हलवली हो.

तवापासून सत्यभामा माझ्याच घरी. म्हणती, जिनं माझ्या लेकराला तसलं पाणी पाजलं तिच्या दारात पाय ठेवणार न्हाई. अन् ती इहीण, कौशल्याबाई, दर महिन्याला येती, नातीला झबलं घेऊन. सत्यभामा दार लावून घेती. मग ती ओट्यावर बसून माझ्याजवळ रडती — “उकळलं होतं हो मी, इहीणबाई, देवाशपथ उकळलं होतं” — अन् मी तिला चहा देते.

पण बाटलीवर लिहायला लावलं मी, हे बघा, वरसाच्या आत नको. ठराव केला. हर गिऱ्हाइकाला सांगते, एकाला सोडत न्हाई —

काय? सत्यभामाला?

तुमाला घ्यायचा न्हाई ना मध? मग बाजूला व्हा. मागं बाया उभ्या हायेत.