वहिनी पाहुण्यांशीच बोलतात

...नाही हो, वेड लागायचंच बाकी राहिलंय! तुम्हीच सांगा, ओळख ना पाळख, आणि थेट घरात? राहायला? तेही फुकट? पण आमच्या दादाला सांगणार कोण! दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, जन्मभर लिफ्ट दुरुस्त करून निवृत्त झालेला. वहिनी गेल्यापासून दोन वर्षं एकटाच भिंतीकडे बघत बसायचा. तर पुतणीनं, म्हणजे त्याच्या मुलीनं, परगावी बसून त्याचं नाव एका वेबसाइटवर घातलं. "काका, प्रवासी एकमेकांच्या घरी राहतात, बाबांना सोबत होईल." सोबत! मी ती वेबसाइट उघडली, तर तुम्हाला सांगतो, जो तो हसतोय! पाठीवर पिशवी आणि तोंडभर दात! एवढं विनाकारण मी फक्त टूथपेस्टच्या जाहिरातीत हसताना पाहिलंय माणसांना.

पहिली आली ती एक सायकलवाली मुलगी. दोन दिवस राहिली, गेली आणि वेबसाइटवर अभिप्राय लिहिला : "काका अबोल आहेत. पण काकू किती प्रेमळ! म्हणाल्या, डावी शेगडी विझते, कळ जरा दाबून धर."

काकू?

माझ्या हातातला फोन पडायचा राहिला! शेजारीण आली असेल म्हणावं, तर ती महिनाभर लेकीकडे. आणि दादा? घाबरला? छे! रुसला! "पस्तीस वर्षं संसार केला मी, आणि बोलते कुणाशी? ओळख ना पाळख, त्या सायकलवालीशी!"

आता खरं सांगतो. वहिनी गेल्या त्या सकाळी दोघांचं भांडण झालं होतं. त्याच शेगडीवरून. "गावभरच्या लिफ्ट दुरुस्त करता, घरातली एक शेगडी होत नाही? जा, आता मी तुमच्याशी बोलणारच नाही!" आणि दुपारी त्या गेल्या. दादानं हे कुणालाच सांगितलं नव्हतं. मला सांगताना पकडीनं शेगडी खोलत होता... दोन वर्षांनी!

मग काय, पाहुण्यांची रीघच लागली हो! एक दाढीवाला फोटोग्राफर म्हणाला, काकूंनी मोजे वाळत घालायला दोरी दाखवली. एक शिक्षिका निघताना दारातून परत वळली : "काकू विचारत होत्या, हे रक्तदाबाची गोळी घेतात का?" दादा पांढराफटक. सहा महिने गोळी बंद होती त्याची! त्या दिवसापासून सुरू.

मीही चार दिवस मुक्काम ठोकला तिथे. कान देऊन बसलो. एक शब्द नाही! दादा म्हणाला, "तू घरचा. तिला ओळख ना पाळख असलेला लागतो."

आणि गेल्या आठवड्यात एका सकाळी, ऐका हं, हा गृहस्थ पिशवी भरतो, मला म्हणतो, "आजपासून यजमान तू," बाहेर जातो, दार ओढून घेतो आणि बेल वाजवतो! काय करणार? उघडलं. "नमस्कार. दोन दिवस राहीन म्हणतो." स्वतःच्या घरात! चपला कधी नव्हे त्या नीट जोडून ठेवल्या आणि स्वयंपाकघरात गेला. मी बाहेर उभा. आतून आवाज फक्त दादाचा : "हो... हो, केली दुरुस्त... घेतो ना रोज... चुकलं गं माझं."

बाहेर आला तेव्हा डोळे लाल. म्हटलं, "काय म्हणाल्या?"

"पाहुण्यांच्या गोष्टी यजमानानं विचारू नयेत."

बरं, दोन दिवस म्हणाला होता ना? हलायला तयार नाही! पाहुण्यांच्या खोलीत ऐसपैस, आणि मी चहा करतोय, चादरी धुतोय, वेबसाइटवर यजमान म्हणून माझा फोटो! तोही हसताना! काल एक नवं जोडपं उतरलं. आज सकाळी त्यातली बाई चाचरत म्हणते, "काकूंनी निरोप दिलाय, भावजींना सांगा, चहात साखर फार होते."

वहिनी असताना कधी त्यांच्यापुढे बोललो नाही, ते आता काय बोलणार? केली कमी.