एकसष्टावे घर

जगदेव वल्द जानराव भोयर, वय २० वर्षे, जात कुणबी, राहणार इंझोरी. धंदा विचारला असता पाहणीचा उमेदवार असे सांगितले. पगार नसेल तर तो धंदा होत नाही, असे जमादार लालसिंग म्हणाले. म्हणून शेती लिहिले आहे. आज ता. ६ जून १९४४ रोजी ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगतो ते असे की,

मी नागपुरास बी.ए.च्या वर्गात शिकतो. मार्चमध्ये आमच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी सांगितले की, उन्हाळ्याच्या सुट्टीत खेड्यांतल्या घरोघरच्या धान्याची पाहणी करायला चार मुले हवीत. पगार नाही, दाखला मिळेल, आणि ज्याचे काम चोख त्याला पुढे संशोधनाच्या कामावर जागा. चाळीस जणांनी अर्ज केले. माझ्यापेक्षा हुशार त्यात पुष्कळ होते. मला घेतले, कारण मी खेड्यातला. "तुमच्याशी तुमचे लोक खोटे बोलणार नाहीत," असे ते म्हणाले. त्यांचे म्हणणे एक घर सोडून खरे ठरले.

एप्रिलात मी आमच्या गावातली एकसष्ट घरे केली. छापील फॉर्म होता. घरात माणसे किती, गुरे किती, ज्वारी किती आणि कुठे ठेवली, असे रकाने होते. फॉर्मच्या तळाशी "ही माहिती गुप्त राहील" अशी ओळ होती. लोकांना वाचता येत नाही म्हणून ती ओळ मी प्रत्येक घरी मोठ्याने वाचून दाखवली. ज्वारी आमच्याकडे पेवात, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यात ठेवतात. वरून सारवले की परक्याला पत्ता लागत नाही. मला लोकांनी सारवण उकरून दाखवले. जिजाबाई विधवा आहे. तिने जात्यामागचा रांजणसुद्धा दाखवला, आणि माझ्या हातात ज्वारीचे चार दाणे ठेवून म्हणाली, "तू आपला हायेस म्हून दाखवून राह्यली. सरकारच्या कानावर जाऊ देऊ नोको." मी दाणे हातात धरून हो म्हणालो आणि रांजणही लिहिला. काम चोख करायचे होते.

शेवटी स्वतःच्या घरचा फॉर्म भरला. वडील म्हणाले, "लिही अर्धं पेव. घरच्याले कायले खोदून इचारतं?" मी अर्धे पेव लिहिले.

ता. २२ मे रोजी धान्य वसुलीचा कारकून चार शिपाई आणि गाड्या घेऊन गावात आला. त्याच्या हातातली यादी माझ्या अक्षरात होती. त्याला कोणाला काही विचारावे लागले नाही. पेव कोणत्या कोपऱ्यात, किती हात खोल, सगळे त्यात होते. माणशी ठरलेले दाणे सोडून बाकी गाड्यांत भरले. जिजाबाईच्या घरी शिपाई सरळ जात्यामागे गेला. आमच्या घरी आले तेव्हा अर्धे पेव माणशी ठरलेल्या दाण्यांपेक्षा कमीच भरले, म्हणून एक दाणा नेला नाही. सगळा गाव आमच्या अंगणात उभा राहून पाहत होता. त्या दिवसापासून साठातल्या एकाही घरचे माणूस आमचा उंबरा चढले नाही.

मी प्राध्यापकांना पत्र लिहिले. उत्तर आले की, अभ्यासाची माहिती वरून मागितली म्हणून दिली, आणि ती युद्धकाळात उपयोगी पडली याचा अभिमान बाळगावा. सोबत दाखला होता. त्यात मला "अत्यंत विश्वासू" म्हटले आहे. दाखला जवळ आहे. पुराव्यास लागत असल्यास ठेवून घ्यावा, मला परत नको.

पत्र आले त्या दिवशी गोठ्यात गेलो. वडील गव्हाणीखालची माती लोटत होते. खाली दुसरे पेव होते, गळ्यापर्यंत भरलेले. मला पाहून म्हणाले, "साठ घरायनं तुयावर भरोसा ठेवला. म्या नाई ठेवला, म्हून आपल्या घरात दाणे हायेत."

ता. ४ जून रोजी दुपारी बाराच्या सुमारास मी घरी जेवत असताना अंगणामागची कडब्याची गंजी पेटली. बाहेर आलो. विहिरीवर बाया होत्या, घागरी भरलेल्या होत्या. घागर कोणी उचलली नाही. जिजाबाई तेवढी बोलली, "लिही बापू कागदावर. एक गंजी कमी झाली." गंजी तासाभरात जळून संपली. गुरांना वैरण राहिली नाही.

जिजाबाईचा मुलगा नथ्थू गंजीपासून पळताना दिसला, असे माझे वडील सांगतात. मला विचारले असता सांगतो की, नथ्थू त्या वेळी आमच्या घरी माझ्या पंगतीला जेवत होता. हे ऐकून जमादारांनी लेखणी खाली ठेवली. "ज्याचे दाणे तुह्या कागदानं गेले, थो तुह्या पंगतीले?" मी म्हणालो, लिहा. मी लिहिलेले सरकार खरे धरते. माझा कोणावर संशय नाही. त्या साठ घरांत कोणाला काय खायला उरले आहे ते मला पाठ आहे, म्हणून विचार करून सांगतो आहे.

आणखी सांगतो की, एकसष्टाव्या फॉर्मात मी अर्धे पेव लिहिले ते अपुरे आहे. घर जानराव भोयर. दुसरे पेव गोठ्यात, गव्हाणीखाली, पाच हात खोल, भरलेले. वडील बाहेर बाकावर बसले आहेत. मी हे सांगितले ते त्यांना ठाऊक नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. "माहिती गुप्त राहील" अशी ओळ तळाशी नाही, हे स्वतः पाहून सही करतो.

जगदेव जानराव भोयर